सायकलींचा जीर्णोद्धार

नाटकाची समीक्षा होते, पुस्तकाची होते, गाण्याच्या मैफलीची होते. पुण्यात तर मिसळीचीही होते, आणि ती लिहिणारे गृहस्थ नाटकाच्या समीक्षकापेक्षा गंभीर असतात. पण जुनी सायकल घासूनपुसून, रंगवून, मुलामा देऊन दिवाणखान्यात उभी करण्याची जी कला आपल्या शहरात गेल्या काही वर्षांत रुजली आहे, तिची समीक्षा कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. आता ती करण्याचा तुमचा अधिकार काय, असं तुम्ही विचारणार. (पुण्यात हा प्रश्न आधी विचारतात, चहाचं नंतर.) मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेत कारकून. अलीकडे आमच्या पदाला 'असोसिएट' असं नाव मिळालं आहे. काउंटर तोच, खुर्ची तीच, खुर्चीचं डुगडुगणंही तेच. पण गेली बावीस वर्षं मी चेकवरची सही आणि दप्तरातली नमुन्याची सही शेजारीशेजारी ठेवून पाहत आलो आहे. माणसाची खरी सही नमुन्यासारखी हुबेहूब कधीच नसते. कुठे तरी वेलांटी घसरते, टिंब पुढे पडतं. अगदी हुबेहूब सही दिसली की मी साहेबांना हाक मारतो. एवढं भांडवल या विषयाला पुरेसं आहे, हे पुढे पटेल.

या कलेचा कच्चा माल मिळण्याची ठिकाणं दोन. एक, मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. तिथल्या विक्रेत्यांनाही आता कळलं आहे की लोखंडाला किलोचा भाव असला तरी गंजाला तोळ्याचा असतो. "काका, ही बघा, इंग्रजाच्या वेळची." "कशावरून?" "उचलून बघा ना." इंग्रजांचा काळ वजनावरून ठरवण्याची ही पद्धत इतिहास संशोधक मंडळाला अजून सुचलेली नाही. दुसरं ठिकाण म्हणजे पेठेतल्या वाड्याचा जिना. वाडा पाडायचं ठरलं की आधी बिल्डर येतो, मग भाऊबंद येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ कुठून तरी वास लागून सायकलवाला येतो. भाऊबंद चौरस फुटांवरून भांडत असतात तेवढ्यात तो जिन्याखालच्या काळोखात बॅटरी मारून घेतो.

खरा जाणकार सायकलीच्या तोंडाकडे बघत नाही, चेनव्हीलकडे बघतो. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी कातरलेली असतात. हंबरच्या चेनव्हीलमध्ये पाच माणसं गोल धावत असतात. बिचारी कधी कुठे पोचली नाहीत. बी.एस.ए.वाल्यांनी सरळ आपली तीन अक्षरंच कापून ठेवली. मग जाणकार मागच्या हबवर अंगठा फिरवतो. तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल तर त्याच्या अंगावर साल ठोकलेलं असतं. ५२ म्हणजे १९५२. पण हब मागाहून बसवलेला असू शकतो, म्हणून तो शेवटी पायडलाच्या कांड्याखालचे आटे मोजतो. बहुतेक इंग्रजी सायकलींना तिथे इंचाला २४ आटे. रॅलेनं मात्र आपले २६ ठेवले होते. मोठ्या घरण्याचे हट्ट. एवढी चौकशी आपल्याकडे लग्न ठरवतानासुद्धा होत नाही.

आणि गंमत अशी, की इतकी गोत्रं जुळवून बघायची आणि मूळ पाहावं तर सगळे एकाच चुलीवर जेवणारे. रॅलेनं १९३२ साली हंबर घेतली, १९४३ साली रज घेतली, १९५७ साली बी.एस.ए.च्या सायकली घेतल्या आणि त्यांच्याबरोबर सनबीमही आली. १९६० साली फिलिप्स आणि हर्क्युलिससुद्धा त्याच कुटुंबात दाखल झाल्या. तरी बिल्ले वेगळे, बगळे वेगळे आणि मालकांचे अहंकार वेगळे. बँकांची विलीनीकरणं जवळून पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही. बोर्ड बदलतो, पण 'आमच्या जुन्या बँकेत असं नव्हतं' म्हणणारा पासबुकवाला पुढची तीस वर्षं टिकतो.

इथपर्यंत मी या कलावंतांचा निःसंशय चाहता आहे. एका कॉटर पिनेसाठी चार महिने फिरणारा, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन मुलाच्या बोळक्यातले दात मोजावेत तसे मोजणारा, रिमचा आऊट काढताना श्वास रोखून धरणारा माणूस मला देवासमोर बसलेल्या माणसाइतकाच खरा वाटतो. माझी तक्रार सुरू होते ती रंगाचा डबा उघडल्यावर.

आधी मुलाम्याचं सांगतो. साधारण १९३० पर्यंतच्या सायकलींवर निकेलचा मुलामा असे. क्रोमचा प्रसार त्यानंतरचा. निकेल किंचित पिवळसर, आजीच्या चांदीच्या वाटीसारखं ऊबदार. क्रोम निळसर आणि थंड, ऑपरेशन थिएटरसारखं. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की १९१५ सालची सायकल असो की १९६५ सालची, हँडलपासून तारांपर्यंत सगळं क्रोममध्ये बुडवून काढतात. पणजोबांच्या फोटोत त्यांच्या मनगटावर डिजिटल घड्याळ काढण्याचाच हा प्रकार. पण पाहुण्यांना ते आवडतं, कारण त्यात त्यांना आपलं तोंड दिसतं.

मग रंग. जुना काळा रंग पातळ थरांनी चढवलेला असे, त्यावर सोनेरी रेघ हातानं ओढलेली. ओढणारा माणूसच होता. श्वास चुकला की रेघ केसभर जाड होई. ती जाडी म्हणजे त्याची सही. आता भट्टीत भाजलेला पावडरचा रंग येतो. तो इतका जाड बसतो की सांध्यांचं नक्षीकाम बुजतं आणि सीटखाली ठोकलेला फ्रेमचा नंबरही बुजतो. वरून चिकटपट्टीची सोनेरी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत एका जाडीची. हुबेहूब! साहेबांना हाक मारण्याची वेळ.

पण हे सगळं कारागिरीतलं, सुधारता येण्यासारखं. उद्या कुणी निकेलच्या जागी निकेल दिलं, रेघा हातानं ओढल्या, तरी माझा मुख्य आक्षेप शिल्लक राहतो. तो समजावून सांगण्यासाठी मला तुम्हाला थोडं अमेरिकेला न्यावं लागेल. खर्च माझा नाही. आमच्या शाखेतून निवृत्त झालेले एक हेडक्लार्क लेकाकडे शिकागोला सहा महिने राहून आले, त्यांचा आहे.

हेडक्लार्कसाहेबांच्या लेकाचा शेजारी जुन्या क्रूझर सायकली जमवतो. शिकागो हे श्विन कंपनीचं गाव. १९३३ साली, मंदीत कुणाच्या खिशात पैसा नसताना, या कंपनीनं दोन इंचांहून जाड फुगीर टायरांची सायकल काढली आणि बाकीच्यांना तिच्यामागे यावं लागलं. पुढच्या वर्षी तिला विमानाचं नाव आणि विमानाचा थाट दिला. १९४९ साली 'ब्लॅक फँटम' आली: स्प्रिंगचा फोर्क, क्रोमचे मडगार्ड, आणि दांड्यांच्या मध्ये चक्क पेट्रोलची टाकी. टाकीत पेट्रोल नाही, बॅटरीचा भोंगा. कारण ही सायकल मुळात मुलांसाठी होती. बापाकडे मोटार होती; पोराला मोटारसायकल हवी होती, आणि कंपनीनं त्याला मोटारसायकलचं सोंग विकलं. सोळा वर्षांचा झाला की तो मोटार चालवायला मोकळा आणि सायकल गॅरेजच्या कोपऱ्यात.

म्हणजे बघा, त्या सायकलीचं सारसर्वस्व तिच्या रंगात आणि टाकीत आहे. तिला पुन्हा लालभडक रंग दिला तर दहा वर्षांच्या पोराचं वाढदिवसाचं स्वप्न परत येतं. तिथे जीर्णोद्धार शोभतो. आणि गंमत अशी की तिथल्याच पट्टीच्या संग्राहकांना तो आता नको झाला आहे! मूळ रंग एकदाच असतो, तो पोपडे आलेला असला तरी ठेवा, हलक्या तेलाचा हात फिरवा आणि गप्प बसा, असं त्यांचं म्हणणं. मूळ रंगाच्या खरचटलेल्या फँटमपुढे नव्यानं रंगवलेली फँटम त्यांना फिकी वाटते. खुद्द श्विननं १९९५ साली शताब्दीनिमित्त फँटमची हुबेहूब नवी आवृत्ती काढली. ही कंपनी तीनच वर्षांपूर्वी, १९९२ साली, दिवाळखोरीत निघाली होती. स्वप्नं परत विकायला काढण्याची वेळ माणसावर केव्हा येते, हे कर्ज विभागात काम केलेल्यांना विचारा.

आता या पुण्यात. आपल्याकडे असली फुगीर सायकल कुणाच्या बापानं पाहिली नव्हती. इथे होती ती काळी, उंच, सरळ दांडीची, अठ्ठावीस इंची सायकल. ती खेळणं नव्हती, घरातला कमावता सभासद होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा सुटायचा आणि रस्ता ओलांडायला उभ्या असलेल्या म्हातारीची संध्याकाळ व्हायची. या सायकलीची किंमत पहिल्या दिवशीच्या रंगात नव्हती, पुढच्या तीस वर्षांत होती. आणि ती तीस वर्षं तिच्या अंगावर लिहिलेली असायची.

डावं पायडल उजव्यापेक्षा जास्त झिजलेलं. का, तर त्यावर एक पाय ठेवून चार ढांगा टाकत धावायचं आणि मग टांग मारायची, हा बसण्याचा रिवाज. दांडीवर पुढे एक चट्टा, पोराची छोटी सीट आवळल्याचा. हँडलच्या एका बाजूचा मुलामा गेलेला, तिथे भाजीची पिशवी. कॅरिअर मधोमध खचलेला: त्यावर रॉकेलचा डबा, दळण, बहिणीचं बाळंतपणाचं सामान आणि पोलीस नसेल तेव्हा बायको. मडगार्डावर पालिकेच्या बिल्ल्याचं भोक. दिव्याचा पुढचा आकडा वाकलेला. त्या दिव्यात घासलेट असायचं, आणि त्याहून हौशी गृहस्थांकडे कार्बाइडचा दिवा, ज्यात पाण्याचे थेंब पडून ॲसिटिलीन पेटायचा आणि उजेडाच्या आधी वास पोचायचा. दिवा विझल्याबद्दल पोलिसानं हटकलं की 'आत्ताच विझला हो साहेब' हे वाक्य पुण्यातल्या तीन पिढ्यांनी एकाच चालीत म्हटलं.

आम्ही वाणिज्यवाले घसारा काढतो. घटत्या बाकीच्या पद्धतीनं काढला तर वस्तूची किंमत दरवर्षी उतरते पण शून्य कधीच होत नाही. काही तरी पैसे वहीत राहतातच. जुन्या सायकलीच्या बाबतीत तो घसाराच बघण्यासारखा असतो, आणि हे कलावंत सँडपेपरनं पहिल्यांदा तोच पुसतात. सायकलीच्या आयुष्यातला दुकानातला एक दिवस राखायचा आणि बाकीचे दहा हजार दिवस खरवडून काढायचे. हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट मारून, गाभाऱ्यात फरश्या बसवून, दारात 'जीर्णोद्धार' अशी पाटी लावणारे आपलेच लोक. देणगीदारांची नावं त्या पाटीवर असतात. देवळाचं वय नसतं.

मग काय, गंजू द्यायचं? असं मला आमच्या शाखेतल्या एका सायकलप्रेमीनं आवाज चढवून विचारलं. नाही. चालती करा. छर्रे बदला, टायर घाला, गंज थांबवा. पण चट्टा ठेवा.

कर्वेनगरात विक्रम पेंडसे सायकल म्युझियम आहे, २०१७ साली उघडलेलं, तीन मजली. पुणेकराच्या घरात काचेच्या कपाटात ठेवायला वस्तू मावत नाहीत, या गृहस्थांनी दीडशेवर सायकली मावल्या. (याच सुमारास पुण्यात मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या रंगीत सायकली आल्या. आल्या तशा गेल्या. जुनी सायकल टिकते, नवी टिकत नाही, हे म्हणायला मला वय नाही, पण म्हणून घेतो.) तिथली बी.एस.ए.ची पॅराट्रूपर अवश्य बघावी. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून टाकण्यासाठी ही मधोमध घडी होणारी सायकल बनवली गेली. दुहेरी नळ्यांची लंबगोल फ्रेम, आणि दोन मोठे पाकळीचे नट फिरवले की कमरेतून दुमडते. आपल्या साध्या सायकली बघत बघत तिच्यापर्यंत आलं की वाटतं, ही आपल्या नात्यातली नव्हे, लष्करात गेलेली आतेबहीण. मला मात्र या म्युझियममध्ये सर्वांत जास्त वेळ लागला तो सायकलींपाशी नाही. पंप, दिवे, हत्यारं यांच्यापाशी. सायकलींना झळाळी आहे, ती बघून मान आपोआप मागे जाते. या किरकोळ वस्तूंपाशी मान पुढे जाते. त्यांच्यावर कुणाचा तरी हात फिरलेला दिसतो.

अशी पुढे जाणारी मान पुण्याला नवी नाही. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं जे म्युझियम उभं केलं त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत. त्यातल्या एकाही अडकित्त्याला कुणी क्रोम केलेलं नाही. सुपारी कातरून कातरून झिजलेली धार दिसते, म्हणून तर आपण तिथे उभे राहतो. सायकलीपुढे जी चिठ्ठी असते, 'रॅले, इंग्लंड, अमुक साल', तिच्यात एक ओळ वाढवावी अशी माझी या क्षेत्रातल्या सर्वांना विनंती आहे: चालवली कुणी, कुठून कुठे. आणि रंग द्यायचाच असेल तर टीचभर जागा जुनी ठेवा. पुण्यात टीचभर जागेचा भाव मला ठाऊक आहे, तरी म्हणतो.

आता एक नाजूक गोष्ट. या मंडळींच्या गप्पांत 'मेड इन इंग्लंड' हे तीन शब्द 'चित्पावन'च्या चालीवर उच्चारले जातात. स्वातंत्र्यानंतर या देशानं ज्या सायकलींवर चाल केली त्या आसनसोलच्या सेन-रॅलेच्या, मद्रासजवळच्या अंबत्तूरच्या टी.आय.च्या, १९५१ पासून सोनीपतच्या ॲटलसच्या, १९५६ पासून लुधियानाच्या हीरोच्या. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. आता रस्त्याला नाव आहे. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता, हा योगायोग कुठल्या विनोदी लेखकाला सुचला असता तर संपादकांनी 'अतिशयोक्ती' म्हणून कापला असता. दूध, वर्तमानपत्रं, पोस्ट, पाव, कोर्टाची समन्स, हे सगळं पुण्यात हिंडलं ते याच देशी सायकलींवर. पण ॲटलसचा जीर्णोद्धार करा म्हटलं की जाणकार असं बघतो, की जणू त्याला कुणी प्लॅस्टिकच्या बादलीला कल्हई करायला सांगितली.

आमच्या वडिलांची ॲटलस होती. कसबा पेठ ते खडकी, जाऊन येऊन, सव्वीस वर्षं. ते गेल्यावर ती जिन्याखाली होती. पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या थोरल्या बंधूंनी परस्पर ती एका नामांकित कारागिराकडे दिली, नवरदेवाच्या 'एन्ट्री'साठी. हल्ली नवरदेव मांडवात येत नाही, त्याची एन्ट्री होते. तीन महिन्यांनी सायकल परत आली. काळी कुळकुळीत, हँडलमध्ये सूर्य, चेनव्हीलमध्ये बगळे! दांडीवर सोनेरी अक्षरांत 'रॅले, नॉटिंगहॅम, इंग्लंड'. कारागिरानं ॲटलसचं चेनव्हील काढून बगळ्यांचं घातलं होतं, नावाची चित्रं परदेशातून मागवली होती, आणि वडिलांची सायकल एका रात्रीत दत्तक देऊन टाकली होती. बंधू म्हणाले, "फोटोत काय कळतंय? आणि दिसतेय बघ कशी." दिसत होती खरी. शनिवारातल्या आमच्या जुन्या मिस्त्रींनी ती उलटी केली, पायडलाच्या कांड्याचे आटे मोजले, "चोवीस," म्हणाले, आणि पुन्हा सुलटी करून दिली. मजुरी घेतली नाही.

आई गॅलरीत आली. एकदा सायकलीभोवती फिरली. दांडीच्या पुढच्या टोकावर, जिथे माझी आणि माझ्या आधी बंधूंची सीट आवळलेली असायची, तिथे तिनं बोटं फिरवली. चट्टा नव्हता. "कुणाची ही?" तिनं विचारलं. बंधूंनी सांगितलं. आई म्हणाली, "होय का? छान आहे," आणि आत गेली. पाहुण्यांच्या सुनेला म्हणते तसं म्हणाली.

लग्न झकास झालं. एन्ट्रीला टाळ्या पडल्या. कारागिरानं काढून ठेवलेलं जुनं सामान पोत्यात घालून परत दिलं होतं: चेनव्हील, फाटकी सीट, एक पायडल आणि कॅरिअर. बंधू ते भंगारवाल्याला देणार होते. आईनं कॅरिअर तेवढा काढून घेतला. मधोमध खचलेला असल्यामुळे त्यावर कुंडी चांगली बसते. सध्या गॅलरीत त्यावर कोरफड आहे.